‘वध’ : एका शब्दाचा नाट्यगत इतिहास

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकाची चर्चा आपल्याकडे बहुधा रूपकाच्या अंगाने झाली आहे. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पराधीन भारत, कंकभट म्हणजे नेमस्त आणि बल्लव म्हणजे जहाल, हे समीकरण आता सर्वपरिचित आहे. मात्र हे समीकरण प्रेक्षकाच्या मनात जुळण्यापूर्वीच, किंबहुना पडदा उघडण्यापूर्वीच, शीर्षकातील उत्तरपदाने आपले काम केलेले असते. कीचक मरणार हे ‘वध’ हा शब्द सांगतोच. पण ते मरण न्याय्य होते, असा निवाडाही तो आधीच देऊन टाकतो. हा निवाडा त्या शब्दात कोठून आला आणि रंगभूमीने त्यात कोणती भर घातली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संस्कृतात हा निवाडा नाही. पाणिनीच्या व्याकरणात ‘वध’ आणि ‘हत्या’ ही दोन्ही रूपे ‘हन्’ या एकाच धातूशी जोडलेली आहेत. ‘हत्या’ हे पद ब्रह्महत्या, भ्रूणहत्या अशा समासांत स्थिरावले आणि त्याला पातकाचा वास आला. ‘वध’ मात्र तटस्थ राहिला. महाभारतात बकवध आणि कीचकवध ही उपपर्वे आहेत, तशी अभिमन्युवध, घटोत्कचवध आणि द्रोणवध हीही आहेत. अभिमन्यूचे मरण न्याय्य होते असे कोणीही म्हणणार नाही. तरी त्यालाही ‘वध’ हाच शब्द आहे. नाट्यशास्त्रातील प्रसिद्ध निषेधही नायकाचा ‘वध’ दाखवू नये असाच आहे. नायकाच्या मृत्यूला जो शब्द चालतो, तो केवळ दुष्टांसाठी राखलेला असू शकत नाही.

तथापि, शब्दाचा आणि नाट्याचा संबंध फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात कंसवधाच्या प्रयोगांचा उल्लेख येतो, तो एका व्याकरणविषयक शंकेच्या निमित्ताने. कंस मरून युगे लोटली. मग ‘कंसाला मारवितो’ असा वर्तमानकाळ कसा वापरावा? पतंजलीचे उत्तर असे की, शौभिक प्रेक्षकांसमोर प्रत्यक्षच कंसाला मारवितात. ग्रंथिक केवळ शब्दांनी ती कथा श्रोत्यांच्या मनात वर्तमान करतात, आणि तेव्हा श्रोत्यांचे दोन पक्ष पडतात : कोणी कंसाचे, कोणी वासुदेवाचे, कोणाचे चेहरे लाल होतात, कोणाचे काळवंडतात. म्हणजे प्रयोगातील वध हा नेहमी वर्तमानकाळी असतो, आणि तो पाहणाऱ्याला पक्ष घ्यावा लागतो. विसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या सरकारला हे व्याकरण ठाऊक नसेल. परंतु त्याचा अनुभव मात्र त्याला येणार होता.

मराठीत या शब्दाचे क्षेत्र आकसले. फारसीतून आलेल्या, मुळात रक्त असा अर्थ असलेल्या ‘खून’ शब्दाने गुन्ह्याचा प्रांत व्यापला, ‘हत्या’ पातकाकडे राहिली, आणि ‘वधा’कडे धर्मकार्य आले. मनुस्मृतीतील चार दंडांपैकी ‘वधदंड’ हा शेवटचा होय. मराठीतील ‘वधा’ने ही दंडाची छटा आत्मसात केली असे म्हणता येईल. अफजलखानाच्या प्रसंगाला म्हणूनच आपण ‘वध’ म्हणतो. १८९७ च्या शिवाजी उत्सवात लोकमान्य टिळकांनी या कृत्याच्या नैतिकतेची जी चर्चा केली, ती त्यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात पुढे आली. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

दंड म्हटला की आधी न्यायसभा हवी. महाभारतात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो आणि विराट न्याय देत नाही. त्यानंतरच भीमाचा हात उठतो. ‘केसरी’च्या संपादनात वावरलेल्या खाडिलकरांनी हे सूत्र नेमके ओळखले. दुबळा राजा आणि सबुरी सांगणारा कंकभट यांच्या प्रवेशांमधून न्यायाचे एकेक दार बंद होत जाते. मूळ कथेतील रात्रीच्या नृत्यशाळेऐवजी त्यांनी शेवटासाठी देऊळ निवडले, हेही अर्थपूर्ण आहे. शीर्षकाने आगाऊ दिलेला निवाडा नाटक अशा रीतीने अंकाअंकांतून कमावते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढच्याच महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’ने ‘कीचकवधा’च्या रूपकाची फोड केली आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. संहितेत कर्झनचे नावही नव्हते. सरकारला भय वाटले ते पतंजलीच्या वर्तमानकाळाचे, आणि लाल झालेल्या चेहऱ्यांचे.

परंतु वासाहतिक सत्तेचे भय सांगून हा इतिहास संपत नाही. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला काही मराठी लेखनात आणि भाषणांत ‘गांधीवध’ म्हटले गेले. १९९८ मध्ये ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावरील वादात आणि बंदीत हा शब्दभेद पुन्हा ऐरणीवर आला. येथे ‘वध’ नाटकातून निघून भाषेत मोकाट फिरतो : सभा नाही, प्रतिपक्ष नाही, कमावलेला निवाडा नाही, उरतो तो केवळ आयता निकाल. गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकाचे नावही ‘गांधीहत्या आणि मी’ असे असावे, हे लक्षणीय आहे.

१८६० च्या दंडसंहितेच्या मराठी परिभाषेत ‘सदोष मनुष्यवध’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘वधा’ला दोषी ठरविण्यासाठी तेथे वेगळे विशेषण जोडावे लागते, कायद्याने तो शब्द पुन्हा संस्कृतातील तटस्थतेकडे नेला. समीक्षेलाही हेच करता येईल. ‘कीचकवध’ वाचताना शीर्षकाचा निवाडा गृहीत न धरता, नाटकाने तो कोणत्या पुराव्यावर मिळविला हे विचारावे. ज्या ‘वधा’ला हा प्रश्न विचारता येत नाही, तो शब्द नाट्याचा राहिलेला नसतो, तो केवळ प्रचाराचा होतो.