रोमन सम्राटकुळातील स्त्रियांची नावे
रोमन कन्येला स्वतंत्र व्यक्तिनाम सहसा नसे. पित्याच्या कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच तिचे नाव. ज्युलियस कुळातली ती ज्युलिया, क्लॉडियस कुळातली क्लॉडिया. विवाहानंतरही ते बदलत नसे. त्यामुळे सख्ख्या बहिणी एकाच नावाच्या असत आणि इतिहासाच्या वाचकाची इथेच फसगत होते. मार्क अँटनी व ऑक्टेव्हिया यांच्या दोन्ही मुली अँटोनिया. थोरली ‘मेजर’, धाकटी ‘मायनर’. सम्राट कॅलिग्युलाच्या तिन्ही बहिणी ज्युलियाच. म्हणून ॲग्रिपिना, ड्रुसिला, लिव्हिला या उपनामांनीच त्या ओळखल्या जातात. सर्वांत बोलके उदाहरण ऑगस्टसची पत्नी लिव्हिया ड्रुसिला हिचे. पतीच्या मृत्युपत्रान्वये इ. स. १४ मध्ये ती त्याचीच दत्तक कन्या ठरली आणि ज्युलिया ऑगस्टा झाली. ‘ऑगस्टा’ हा पुढे किताब बनला. ॲग्रिपिनाला तो इ. स. ५० मध्ये, पती सम्राट क्लॉडियस हयात असतानाच मिळाला.