स्थलांतरितांच्या मुलांचे बालशिक्षण आणि त्यातील खेळाचे स्थान

खानदेशात स्थलांतराचे दोन प्रवाह शेजारीशेजारी वाहताना दिसतात. भुसावळजवळचे दीपनगर ही औष्णिक विद्युत् केंद्राभोवती वसलेली वसाहत. वीज केंद्राचे नवे संच उभे राहत गेले, तसतशी निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे येत गेली. याच्या उलट, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि हंगाम संपला की परततात. एका प्रवाहातील मूल परक्या भाषेच्या गावात वाढते. दुसऱ्यातील मूल घरी अहिराणी किंवा भिली, शाळेत मराठी आणि फडावर गुजराती अशा तीन भाषांमध्ये हेलकावत राहते. अशा मुलांच्या शिक्षणाचा प्रारंभ कशाने व्हावा, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना बालशिक्षणाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

खेळ मुलाला आवडतो म्हणून तो शिक्षणात असावा, हे मत आता सर्वमान्य आहे. परंतु स्थलांतरिताच्या मुलाच्या बाबतीत खेळाला आणखी एक महत्त्व आहे. पाठात शब्द आधी येतो आणि कृती मागाहून. म्हणून ज्याला शब्द कळत नाही तो पाठाबाहेरच राहतो. खेळात मात्र नियम डोळ्यांना दिसतो. लगोरी कशी रचावी आणि केव्हा पळावे, हे शेजारच्या मुलाकडे पाहून समजते. भाषा येण्यापूर्वीच मूल त्या गटाचा पूर्ण घटक होते, आणि मग गटात टिकून राहण्यासाठी त्याला भाषेची गरज वाटू लागते.

फ्रबेलने १८४० साली आपल्या बालोद्यानाला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. ही संस्था अमेरिकेत पोहोचली ती स्थलांतरितांबरोबरच. मार्गारेट शुर्त्स या जर्मन बाईंनी १८५६ साली विस्कॉन्सिनमधील वॉटरटाऊन येथे काढलेला तेथील पहिला बालवर्ग जर्मन भाषेतच चालत असे. इंग्रजी बालवर्ग एलिझाबेथ पीबडी यांनी बोस्टन येथे १८६० साली सुरू केला, आणि १८७३ साली सेंट लुई येथे सुसान ब्लो यांच्या वर्गामुळे बालोद्यानाला सार्वजनिक शाळेत स्थान मिळाले. ज्या संस्थेने प्रथम स्थलांतरितांची भाषा जपली, तीच पुढे त्यांच्या मुलांना ‘अमेरिकन’ घडविण्याचे साधन मानली जाऊ लागली. खेळ तोच राहिला. मात्र तो कोणाच्या भाषेत खेळावयाचा, याचा निर्णय मुलाच्या घराकडून संस्थेकडे गेला.

शिकागो येथील हल हाऊस या १८८९ साली स्थापन झालेल्या संस्थेत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तेथे १९२४ ते १९२७ या काळात नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली तयार झालेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे १९३९ पासून निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम केले. भाषा व चालीरीती यांचे अडसर ओलांडता यावेत म्हणून त्यांनी जे नाट्यखेळ रचले, त्यांत सूचना अल्प आणि कृती भरपूर असे. स्थलांतरितांच्या मुलांच्या गरजेतून निघालेली ही पद्धती पुढे साऱ्या नाट्यशिक्षणाला उपयोगी पडली, ही गोष्ट लक्षणीय होय.

महाराष्ट्रातील अनुभव याहून निराळा आणि अधिक बोधप्रद आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली तेथे जाऊन त्यांना मिळाल्या. म्हणजे येथे पद्धतीच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत स्थलांतर करीत होती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली हे तेथील मूळचे रहिवासी. परके होते ते बालमंदिर. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने ही परिसरातील साधने आली. शिक्षणाने मुलाच्या दारी जावयाचे, त्याच्याच वस्तू हाती घ्यावयाच्या आणि मग पुढे पाऊल टाकावयाचे, हे कोसबाडचे सार होय. १९७५ साली देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव आहे, हा योगायोग नव्हे.

स्थलांतरित मजुरांच्या मुलांपर्यंत हा विचार नेण्याचा प्रयत्न मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर ‘मोबाईल क्रेश’ काढून केला. तो पुढे मुंबईतही रुजला. परंतु २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन सोय करू शकेल, एवढेच त्याचे अकरावे कलम म्हणते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळावर आधारलेल्या प्रारंभिक शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. धोरणातील शब्द फडावरच्या कोपीपर्यंत पोहोचवणे मात्र अद्याप बाकी आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक उदाहरण पुरेसे आहे. अहिराणीत व लेवा बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’. हा ध्वनिबदल नियमित आहे; तो उच्चारदोष नव्हे. वर्गात मूल ‘डोया’ म्हणाले की बहुधा त्याला सुधारले जाते, आणि चार वेळा सुधारलेले मूल पाचव्या वेळी गप्प बसते. आंधळी कोशिंबीर खेळताना तेच मूल ‘डोया झाक’ म्हणून ओरडले, तर खेळ थांबत नाही. समजावयाचे ते सर्वांना समजते. कालांतराने ‘डोळा’ही त्याच्या तोंडी येतो, परंतु ‘डोया’ला लाजून नव्हे.

इतिहासावरून निष्पन्न होते ते हे की, केवळ खेळ दिल्याने परके मूल आपले होत नाही. खेळ संस्थेने ठरविला, शब्दही संस्थेनेच ठरविले, तर तो रंगीत वेष्टनातील पाठच होय. मुलाने गावाकडून आणलेला खेळ आणि त्या खेळातील त्याची बोली यांना अंगणात जागा मिळाली, तरच दुसरी भाषा त्याच्या जिभेवर ओझे न होता येते. ऊसतोडणीच्या वाटेवरील आणि वसाहतींतील मुलांसाठी बालवाड्या काढताना शिक्षिकेला प्रथम शिकवावयाचे ते हे : आधी मुलांचा खेळ पाहावा, त्यांचे शब्द टिपून घ्यावेत आणि मग शिकविण्यास आरंभ करावा.