गो-अराउंड

उतरत असलेल्या विमानाचे अवतरण मध्येच सोडून, इंजिनांना पूर्ण जोर देऊन पुन्हा वर चढण्याची क्रिया.

विमान धावपट्टीपासून 1,000 फूट उंचीवर येईपर्यंत (हवा स्वच्छ असल्यास 500 फुटांपर्यंत) त्याची दिशा, वेग, उतरण्याचा दर, चाके आणि फ्लॅप हे सारे ठरल्याप्रमाणे लागलेले असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. उतरण्याचा दर मिनिटाला 1,000 फुटांवर जाऊ नये. वेग ठरलेल्या अवतरणवेगापेक्षा 20 नॉटहून अधिक नसावा आणि त्याहून कमी तर मुळीच नसावा. यांपैकी एकही गोष्ट चुकली तर अवतरण ‘अस्थिर’ ठरते व ते सोडून द्यावे लागते. प्रत्यक्षात काय घडते, हे फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासावरून दिसते : शंभरातली तीन-चार अवतरणे अस्थिर असतात आणि त्यांतील सुमारे 97 टक्के वेळा वैमानिक तरीही विमान उतरवतात. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. नियम मोडूनही सुखरूप उतरल्याचा हा अनुभव गाठीशी साठत जातो आणि पुढच्या वेळी हात थ्रॉटलकडे जायला उशीर होतो.

मंगळूर, 2010 : 22 मे रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग 737 विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले; 158 जण मृत्युमुखी पडले, 8 वाचले. चौकशी हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. प्रवासात कॅप्टन सुमारे 1 तास 40 मिनिटे झोपलेला होता. विमान फार उंचावरून, खड्या उताराने खाली आले आणि 8,033 फुटांच्या धावपट्टीवर सुमारे 5,200 फूट आत टेकले. सहवैमानिकाने तीनदा अवतरण सोडण्यास सांगितले होते. विमानातील यंत्रेही इशारे देत होती. विमान आपटल्यास वैमानिकाला बोलावून समज दिली जाई, म्हणून हळुवार पण लांबवर टेकण्याकडे वैमानिकांचा कल होता, हेही या चौकशीत पुढे आले. कंपनी कशाबद्दल जाब विचारते, यावर वैमानिकाचे हात कसे चालतात हे ठरते. प्रस्तुत विषयात या निष्कर्षाला सर्वाधिक मोल आहे.

कोळिकोड, 2020 : 7 ऑगस्ट रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचेच, परदेशी अडकलेल्यांना मायदेशी आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतील दुबई–कोळिकोड विमान (उड्डाण 1344) टेबलटॉप (डोंगरमाथा सपाट करून केलेल्या) धावपट्टीवरून खाली कोसळून दोन्ही वैमानिकांसह 21 जण मरण पावले. विमानात 190 जण होते. कॅप्टन दीपक साठे हे नागपूरच्या मराठी कुटुंबातील, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले, हवाई दल अकादमीत सन्मान-खड्ग मिळवलेले वैमानिक होते. 2003 मध्ये ते हवाई दलातून बाहेर पडले. त्यांच्या गाठीशी दहा हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते.

त्या संध्याकाळी पाऊस होता. 28 क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना कॅप्टनच्या बाजूचा वायपर सुरू होऊन काही सेकंदांतच बंद पडला. धावपट्टी दिसेना, तेव्हा साठे यांनी नियमाप्रमाणे अवतरण सोडले. त्यानंतर ते उलट बाजूने, 10 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायला आले. वारा आता पाठीमागून, सुमारे 14 नॉट वेगाने येत होता. विमान धावपट्टीवरून पुढे तरंगत राहिले. सहवैमानिक आधी ‘जस्ट चेक इट’ म्हणाला, मग नुसतेच ‘कॅप्टन’, आणि शेवटी ‘गो अराउंड’. विमान टेकले तेव्हा 8,858 फुटांपैकी 4,438 फूट धावपट्टी मागे पडली होती.

विमान अपघात अन्वेषण विभागाच्या 2021 च्या अहवालाने संभाव्य कारण दोन्ही बाजूंनी मांडले : कॅप्टनने अस्थिर अवतरण चालूच ठेवले आणि सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही. त्याबरोबरच कंपनीतील व्यवस्थेच्या त्रुटींवरही बोट ठेवले. कोळिकोडला 26 सहवैमानिकांमागे एकच कॅप्टन नेमलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे दोहाचे उड्डाण साठे यांच्याकडे होते. विमान दुसरीकडे नेले असते तर त्यांच्या कामाच्या तासांचे गणित कोलमडले असते. धावपट्टीची रचना कितपत जबाबदार, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

त्याच माणसाने त्याच संध्याकाळी एकदा अचूक निर्णय घेतला होता. दुसऱ्यांदा तोच निर्णय घेणे अवघड झाले. ड्युटीचे वेळापत्रक आणि कॉकपिटमधील ज्येष्ठता यांचा विचार केल्याशिवाय याचा उलगडा होत नाही.

मुंबई : जून 1982 मध्ये एअर इंडियाचे बोइंग 707 मुसळधार पावसात आपटून उतरले आणि कोसळले, 111 पैकी 17 जण दगावले. 1 जुलै 2019 रोजी जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान पावसात धावपट्टीबाहेर गेले. मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली, जीवितहानी नाही.

इंधन : अवतरण कितीही वेळा सोडता येत नाही. ऑगस्ट 2015 मध्ये दोहाहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या विमानाने कोचीला तीनदा आणि तिरुवनंतपुरमला तीनदा प्रयत्न सोडले आणि सातव्या प्रयत्नात, इंधन अगदी तळाला गेलेले असताना ते उतरले. दुसरे विमानतळ केव्हा गाठायचे, हे त्यामुळे पहिल्याच प्रयत्नाआधी ठरवावे लागते.





शिक्षेचा प्रश्न : अवतरण सोडल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारू नये, हे तत्त्व आता भारतातही मान्य आहे. कनिष्ठाने ज्येष्ठाच्या हातून नियंत्रण घ्यावे, ही अपेक्षा मात्र कागदावर जितकी सोपी तितकी कॉकपिटमध्ये नाही. सिम्युलेटरवर तिचा सराव वारंवार करून घेतला तरच ती ऐन वेळी उपयोगी पडते. जमिनीजवळ आलेले विमान एकाएकी पुन्हा वर चढले, तर प्रवाशांनी वैमानिकाचे काही चुकले असे समजू नये आणि उशिराची तक्रार करू नये.