आजीची पेटी

वृद्धाश्रमाची पारख कशाने करावी? चकचकीत फरशीने? इंग्लंडात १९४८ च्या कायद्याने जुना दरिद्री-कायदा संपला. वर्कहाऊसे जाऊन पंचवीस-तीस माणसांची, हॉटेलासारखी घरे येतील, अशी आशा मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी दाखविली होती. दहा वर्षांनी समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड इंग्लंड-वेल्समधील १७३ संस्था पाहत हिंडले. पुष्कळ म्हातारी माणसे त्याच वर्कहाऊसांत होती. पाटी तेवढी बदललेली! टाउनसेंडांनी नुसते जेवण-अंथरूण पाहिले नाही. स्वतःच्या चार वस्तू जवळ ठेवता येतात का, घटकाभर एकांत मिळतो का, हाताला काही उद्योग आहे का, हेही पाहिले. (आपल्या आजीच्या पेटीला कुलूप असे, ते काय उगीच?) १९६२ साली त्यांचा ‘द लास्ट रेफ्यूज’ निघाला. नव्या घरांतही एकाकीपणा आढळला, म्हणून वृद्धांना शक्यतो त्यांच्याच घरी मदत पोचवावी, असे त्यांनी सुचविले.