वगळलेला भाग

पाठचिकित्सा शिकवताना आपण वर्गात सांगतो, की छापील प्रतीइतकेच मसुद्यातून काय वगळले गेले हेही पाहावे. (स्वतः किती पाहतो, हा भाग निराळा.) हवामानबदलाच्या राजकारणातही असा एक वगळलेला मजकूर आहे.

१९८९ मध्ये अमेरिकेतील तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी ‘ग्लोबल क्लायमेट कोॲलिशन’ ही संघटना उभारली. कर्बवायूंवरील सक्तीच्या मर्यादांना विरोध हे तिचे कार्य. ‘विज्ञान अद्याप अनिश्चित आहे’ हे तिचे पालुपद. १९९५ मध्ये तिच्याच शास्त्रीय सल्लागारांनी एका टिपणाचा मसुदा केला. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया भक्कम असून तो नाकारता येणार नाही, अशी कबुली त्यात होती. संशयवाद्यांचे युक्तिवाद पटण्याजोगे नाहीत, असे दाखवणारा एक भागही होता. अंतिम प्रतीत नेमका तोच गेला!

जुलै १९९७ मध्ये सिनेटने क्योटो कराराच्या रोखाने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला. २००१ मध्ये बुश प्रशासनाने करारच झिडकारला. २००२ मध्ये संघटना विसर्जित झाली. मसुदा लोकांपुढे आला तो २००९ मध्ये, तोही एका खटल्याच्या कागदपत्रांतून.

विशेष म्हणजे अमेरिकेचा लॉबिंग-प्रकटीकरण कायदाही १९९५ चाच. कोणत्या विषयावर लॉबिंग केले, किती पैसा खर्चिला, हे तो विचारतो. लॉबिंग करणाऱ्याला आतून काय ठाऊक होते, हे मात्र विचारत नाही.