वसईचे तट आणि वसईच्या घंटा

वसईचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पुन्हा जाल तेव्हा तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीकडे जरा पाहा. वरचे छप्पर केव्हाच गेले; खाली मात्र पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. आपली माणसे इथे कायमची राहणार, या भरवशावर त्या बसविल्या होत्या.

भरवसा उगीच नव्हता. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई पोर्तुगिजांना मिळाली आणि त्यांच्या 'उत्तर प्रांता'चे ते मुख्य ठाणे झाले. तटाच्या आत रस्ते, मठ, चर्चे, वाडे. किल्ला कसला, शहरच ते! तीन बाजूंना पाणी. शत्रू यायचा तो उत्तरेच्या जमिनीवरून.

चिमाजी आप्पा तिकडूनच आले. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांच्या सुरुंगांनी तट फोडला. त्यासाठी मराठ्यांची माणसेही फार पडली. तरीसुद्धा तह झाल्यावर शरण आलेल्या शिबंदीला त्यांनी मानाने बाहेर जाऊ दिले.

मग किल्ला तेव्हाच ओसाड झाला काय? नाही. मराठ्यांनी ठाणे चालविले. १७८० साली इंग्रजांनी ते घेतले, सालबाईच्या तहाने परत दिले. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि वसईच्या तटाला राखण्यासारखे काही उरले नाही. व्यापार मुंबईला गेला होता. आणि गंमत अशी, की ती मुंबई १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगिजांनीच इंग्लंडच्या राजाला आंदण देऊन टाकली होती!

सुरुंगाने एखादा बुरूज जातो. बाकीचा किल्ला जातो तो रिकामा राहिल्याने. वासे कुजतात, कौले गळतात, पावसाचे पाणी भिंतीत मुरते आणि पिंपळाची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरतात.

जे लोकांच्या वापरात राहिले, ते मात्र टिकले. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाची थोरली घंटा त्यांतलीच, असे सांगतात. तिच्यावर १७२१ साल आहे. इकडे वसईचे ख्रिस्ती शेतकरीही पोर्तुगिजांबरोबर गेले नाहीत. ते आपल्या वाड्यांत राहिले, आपली सामवेदी बोली बोलत राहिले.

आज किल्ला संरक्षित स्मारक आहे. पण पिंपळाला कायदा वाचता येत नाही. रोप कोवळे आहे तोवरच ते काढावे लागते. आपण वसईला जाल तेव्हा तट कोणी बांधला हे तर विचाराच; पण आता तो कोण राखतो आहे, हेही विचारा.