अलिबागेच्या जमिनीचा इतिहास

अली नावाच्या धनिकाच्या बागा, म्हणून अलिबाग, अशी या बंदराच्या नावाची कथा आहे. त्या अलीस कोणी मुसलमान म्हणतात, कोणी बेने इस्रायल. ते कसेही असो; गावाचे नावच मुळी जमिनीच्या मालकावरून पडले, ही गोष्ट आजच्या अलिबागेस फार शोभते.

श्रीपूर-अकलूजकडे जमिनीचे मोल पाणी आणि ऊस यांवरून ठरते. येथे ते समुद्राच्या दर्शनावरून आणि मुंबईच्या अंतरावरून ठरते. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसकट माणसे आणणारी बोट सुरू झाली, 2024 साली न्हाव्याकडील सागरी पूल झाला, आणि दलालांचा धंदा भरास आला. गिऱ्हाईक आले म्हणजे दलाल त्यास वाडी दाखवितो आणि वाडीबरोबर इतिहासही. शिवछत्रपतींनी 1680 मध्ये आरंभिलेला, ओहोटीस पायी गाठता येणारा कुलाबा; 1729 मध्ये निवर्तलेल्या कान्होजी आंग्र्यांची समाधी; थळसमोरची खांदेरी, जिचे नाव 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. 1904 ची चुंबकीय वेधशाळाही तो दाखवितो. मुंबईतील विजेच्या ट्रामने नाजूक उपकरणे बिघडतील या भयाने ती येथे आणली होती. मुंबईपासून दूर म्हणून निवडलेले हे गाव आता मुंबईच्या जवळ म्हणून विकले जाते, याचे हसू आल्यावाचून राहत नाही.

मात्र या प्रेक्षणीय स्थळांत चरी कधी येत नाही. चरी हे याच तालुक्याच्या खारेपाटातील गाव. बांध घालून भरतीचे पाणी अडवावे, तेव्हा कोठे भात पिकावे, अशी तेथील जमीन. बांध घालणारे कूळ आणि पीक नेणारा खोत, असा तेथील न्याय होता. 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी जमीन न कसण्याचा संप पुकारला. तो 1939 पर्यंत चालला. गिरणीचा संप महिन्यांनी मोजतात. येथे भातशेती हेच ज्यांचे जीवन, त्यांनी लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून पावसाळ्यामागून पावसाळे काढले. डॉ. आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. आणि कूळ कायद्यान्वये 1957 मध्ये कसणारे मालक मानले गेले.

किल्ल्याभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई करणारा कायदा आहे, आणि तो असावाच. खारेपाटाच्या बांधास तसे कवच नाही. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास कायद्याचा अडसर आहे खरा, पण परवानगीची वाट त्यात ठेविलेली आहे. विकणाऱ्या वारसास दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. भाताच्या उत्पन्नात मुलांचे शिक्षण होत नाही, आणि दलालाने सांगितलेला आकडा आजोबांनी स्वप्नातही पाहिला नसेल. माझी तक्रार एवढीच, की आंग्र्यांचा पराक्रम सांगून जी जमीन विकली जाते, तिचा स्वतःचा पराक्रम घेणाऱ्यास कोणी सांगत नाही.

तो लिहिलेला मात्र आहे. जुन्या फेरफारांत खोताचे नाव कमी होऊन कुळाचे नाव लागल्याची नोंद सापडते. दलाल ती नोंद वाचतो, मालकी निर्वेध आहे ना हे पाहतो, आणि कागद पुन्हा पिशवीत ठेवतो.